मोठ्या सार्वजनिक इमारतींची हरित रचना आणि मानांकन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालय, ग्रंथालय, न्यायालय, विमानतळ, संग्रहालय किंवा प्रशासकीय भवन बांधायला घेतलेल्या संस्थांकडून, त्यांच्या अभियंत्यांकडून व वास्तुविशारदांकडून, तसेच या इमारती रोज वापरणाऱ्या नागरिकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दोन प्रश्न एकमेकांना लागून असतील तेथे संदर्भ दिला आहे. आमचा कल उत्तरांतून दिसेलच, म्हणून तो आधीच सांगून ठेवतो. मानांकनाचा, म्हणजे त्रयस्थ संस्थेकडून इमारत तपासून श्रेणी घेण्याचा, आम्ही आग्रह धरतो, पण इमारत वापरात आल्यानंतरच्या मीटरच्या नोंदींवर त्याहून अधिक विश्वास ठेवतो.

१. हरित इमारत म्हणजे नेमके काय? गच्चीवर सौर पॅनेल आणि आवारात झाडे असली की पुरे का?

पुरे नाही. जागेची निवड, इमारतीची दिशा व आकार, भिंती आणि छताचे उष्णतारोधन, वीज व पाण्याचा वापर, बांधकामाचे साहित्य, आतील हवा, लोक तेथे कोणत्या वाहनाने पोहोचतात आणि शेवटी इमारत पाडल्यावर तिच्या साहित्याचे काय होते, या सगळ्याचा एकत्र विचार करून जिचा पर्यावरणावरील भार कमी केला आहे आणि जिच्यात वावरणाऱ्यांचे आरोग्य जपले जाते, ती हरित इमारत. सौर पॅनेल या क्रमात बरेच मागे येतात. आधी विजेची गरज घटवायची, उरलेली गरज कार्यक्षम यंत्रांनी भागवायची आणि त्यानंतर लागेल तेवढी वीज स्वच्छ स्रोतांकडून घ्यायची. हा क्रम उलटा केला की खर्च वाढतो आणि लाभ घटतो. सौर ऊर्जेचा हिशेब प्रश्न १५ मध्ये मांडला आहे.

२. घरे आणि खासगी कार्यालये यांच्यापेक्षा सार्वजनिक इमारतींचा वेगळा विचार कशासाठी करायचा?

जगातील ऊर्जेशी निगडित कार्बन उत्सर्जनाचा सुमारे एक तृतीयांश वाटा इमारती आणि त्यांचे बांधकाम यांचा आहे, आणि त्यात सार्वजनिक इमारतींची स्थिती खास आहे. खासगी विकासक इमारत बांधतो, विकतो आणि बाजूला होतो. वीजबिल दुसराच कोणीतरी भरतो. सार्वजनिक इमारतीत बांधणारा, मालक आणि पुढची पन्नास-साठ वर्षे बिल भरणारा बहुधा एकच असतो. आज केलेली बचत त्याच तिजोरीत परत येते, आणि आज केलेली चूकही तिथेच वसूल होते.

शिवाय या इमारतींचा वापर फार असमान असतो. न्यायालयाची दालने सकाळी खच्चून भरतात आणि संध्याकाळी ओस पडतात, तर रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग चोवीस तास चालू असतो. विमानतळाच्या पंधरा मीटर उंच दालनात माणसे वावरतात ती खालच्या दोन मीटरांत. वरची सगळी हवा थंड करत बसण्याचे कारण नाही. थंड हवा जमिनीलगत, कमी वेगाने सोडली तर ती माणसांच्या उंचीवरच राहते आणि गरम हवा आपोआप वर जाते. असे निर्णय घरांच्या बांधणीत फारसे घ्यावे लागत नाहीत.

३. जगात कोणकोणत्या मानांकन पद्धती आहेत आणि त्यांत फरक काय?

सर्वांत जुनी सर्वमान्य पद्धत ब्रिटनमधील ‘ब्रीॲम’. ती १९९० मध्ये बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने सुरू केली. अमेरिकेच्या ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची स्थापना १९९३ मध्ये झाली आणि १९९८ मध्ये तिने ‘लीड’ प्रायोगिक स्वरूपात आणली; आज सर्वाधिक देशांत परिचित असलेले नाव हेच आहे. ऑस्ट्रेलियात ‘ग्रीन स्टार’, सिंगापूरमध्ये ‘ग्रीन मार्क’, भारतात ‘गृह’ आणि आयजीबीसी म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची मानांकने आहेत.

नावांपेक्षा त्यांमागची विचारसरणी पाहणे महत्त्वाचे आहे. जपानची ‘कॅस्बी’ गुणांची निव्वळ बेरीज करत नाही. इमारतीची गुणवत्ता आणि तिचा पर्यावरणावरील भार यांचे गुणोत्तर काढते, त्यामुळे सुखसोयी वाढवून भार लपवता येत नाही. जर्मनीची ‘डीजीएनबी’ पर्यावरणाच्या बरोबरीने इमारतीच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च आणि वापरणाऱ्यांची सोय यांनाही वजन देते, म्हणून सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कामाला ती विशेष जवळची वाटते. ‘एज’ ही इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनची पद्धत मुद्दाम साधी ठेवली आहे: ऊर्जा, पाणी आणि साहित्य घडवतानाचा भार (अंतर्भूत ऊर्जा किंवा कार्बन) या तिन्हींत किमान २० टक्के बचत. जर्मनीतच जन्मलेले ‘पॅसिव्ह हाउस’ हे मानक ऊर्जा आणि आतील सुखकर वातावरण एवढ्यावरच लक्ष देते, पण त्यात फार काटेकोर असते. तापवण्याची वार्षिक गरज चौरस मीटरमागे १५ किलोवॅट-तासांच्या आत ठेवणे हा त्याचा प्रसिद्ध निकष आहे. आणि ऑस्ट्रेलियाची ‘नेबर्स’ आराखड्याकडे न पाहता बारा महिन्यांचा प्रत्यक्ष वापर मोजून ६ पर्यंत तारे देते. तिच्याकडे आपण प्रश्न १० मध्ये परत येऊ.

४. मग आमच्या इमारतीसाठी यांपैकी कोणती निवडावी?

आधी कायद्याने किंवा निधी देणाऱ्या संस्थेने एखादी पद्धत बंधनकारक केली आहे का, ते पाहावे. तसे असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. नसेल तर आपल्या हवामानाला, स्थानिक बांधकाम नियमांना आणि बाजारात खरोखर मिळणाऱ्या साहित्याला धरून असलेली पद्धत निवडावी. शीत प्रदेशात घडलेली पद्धत उष्ण-दमट प्रदेशात जशीच्या तशी लावली की काही गुण विनासायास मिळतात आणि तेथील खरा प्रश्न, म्हणजे दमटपणा, दुर्लक्षित राहतो. दोन-दोन प्रमाणपत्रांचा सोस धरू नये. दुसऱ्या प्रमाणपत्राची कागदपत्रे तयार करण्यात जाणारा पैसा जादा मीटर बसवण्यावर खर्च केलेला बरा.

५. गुण कसे मिळतात? सर्वांत वरची श्रेणी मिळाली म्हणजे इमारत सर्वच बाबतींत उत्तम असते का?

बहुतेक पद्धतींत आधी काही पूर्वअटी पूर्ण कराव्या लागतात, ज्यांचे गुण मिळत नाहीत पण ज्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यानंतर ऐच्छिक निकषांचे गुण जमा होतात. ‘लीड’मध्ये एकूण ११० गुण असून ४० गुणांना प्रमाणित, ५० ला रौप्य, ६० ला सुवर्ण आणि ८० ला प्लॅटिनम अशी श्रेणी मिळते. ‘ब्रीॲम’मध्ये विभागांना वेगवेगळे वजन देऊन टक्केवारी काढतात, नव्या इमारतींसाठी ७० टक्क्यांना ‘एक्सलंट’ आणि ८५ टक्क्यांना ‘आउटस्टँडिंग’ ही श्रेणी आहे, मात्र ऊर्जा व पाण्यासारख्या विषयांत त्या त्या श्रेणीचे किमान गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. बेरीज असल्यामुळे एका विभागातील कमतरता दुसऱ्या विभागातून भरून काढता येते. म्हणून श्रेणीचे नाव ऐकून थांबू नये. गुणपत्रक मागवावे आणि ऊर्जेच्या रकान्यात किती गुण आहेत ते आधी पाहावे.

६. प्रमाणपत्र आमचा सल्लागार देतो का?

नाही. सल्लागार कागदपत्रे तयार करतो, आराखड्यावर सल्ला देतो. तपासणी आणि निर्णय त्रयस्थ संस्थेचा असतो. ‘लीड’चे काम जीबीसीआय ही वेगळी संस्था पाहते, तर ‘ब्रीॲम’मध्ये परवानाधारक मूल्यमापक अहवाल सादर करतो आणि त्यावर संस्था आपली तपासणी करते. प्लॅटिनम मिळवून देण्याची हमी जो सल्लागार पहिल्याच बैठकीत देतो, त्याच्याबाबत सावध राहावे.

७. हरित रचनेचे काम नेमके कधी सुरू करावे? आमचे नकाशे मंजूर झाले आहेत. आता सल्लागार नेमला तर चालेल का?

चालेल, पण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक निर्णय तोवर हातचे गेलेले असतील. इमारतीची लांब बाजू कोणत्या दिशेला असावी, मजला किती खोल असावा, काच किती असावी, जिने कुठे असावेत, हे कागदावर ठरते तेव्हा त्याला वेगळा खर्च लागत नाही. पूर्व-पश्चिम अक्षावर लांब ठेवलेल्या इमारतीला उत्तर-दक्षिणेकडून प्रकाश मिळतो आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन, जे छज्जाने अडत नाही, तिच्या आखूड बाजूंवर पडते. खिडकीतून येणारा उजेड साधारणपणे खिडकीच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत उपयोगी पडतो. म्हणजे मजला चाळीस मीटर खोल केला की मध्यभागी भरदिवसा दिवे लावावे लागणार, हे त्या रेषेबरोबरच ठरून जाते. पुढे कितीही उत्तम दिवे बसवले तरी ते जळत राहणारच.

त्याही आधी एक प्रश्न विचारायचा असतो, तो म्हणजे एवढी जागा लागते का. सभागृह वर्षातून काहीच दिवस भरणार असेल, दोन विभागांच्या बैठकीच्या खोल्या सामायिक होऊ शकत असतील, अभिलेखांचे संगणकीकरण झाल्याने अर्धा मजला मोकळा होणार असेल, तर जो भाग बांधलाच नाही त्याला ना सिमेंट लागते ना वीज. मानांकनाच्या तक्त्यात या निर्णयाला क्वचितच गुण असतात, तरी आमच्या मते तो यादीत पहिला असावा.

नकाशे मंजूर झाल्यावर जे हाती उरते त्यात काचेचा प्रकार, उष्णतारोधन, यंत्रांची क्षमता, नळ व दिवे, मीटर आणि कमिशनिंग (प्रश्न ११) येते. तेही थोडे नाही. मात्र अशा वेळी श्रेणीचे उद्दिष्ट जाहीर करण्यापूर्वी वास्तव तपासून घ्यावे.

८. संपूर्ण काचेच्या दर्शनी भागाची इमारत हरित असू शकते का?

गुणपत्रकावर असू शकते, वापरात ती महाग पडते. काच निवडताना दोन आकडे पाहायचे. पहिला यू-मूल्य, म्हणजे आत-बाहेरच्या तापमानातील फरकामुळे काचेतून किती उष्णता वाहते. दुसरा सौर उष्णता लाभ गुणांक, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हापैकी किती हिस्सा उष्णता म्हणून आत येतो. ०.२५ गुणांकाची काच ऊन पडले असता पाऊण भाग उष्णता बाहेर ठेवते. तरीही काच जितकी वाढेल तितकी आत येणारी एकूण उष्णता वाढतेच. चांगल्यात चांगली दुहेरी काचसुद्धा उष्णतारोधन केलेल्या साध्या भिंतीची बरोबरी करत नाही.

प्रत्यक्षात काय होते ते पश्चिमेकडच्या खोलीत दुपारी चार वाजता जाऊन पाहावे. ऊन थेट संगणकाच्या पडद्यावर येते, म्हणून पडदे ओढले जातात. पडदे ओढले म्हणून दिवे लागतात. काच तापल्याने तिच्याजवळ बसणारा गरमीची तक्रार करतो, म्हणून वातानुकूलनाचे तापमान खाली आणले जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाची माणसे स्वेटर घालून बसतात. उजेडासाठी लावलेली काच दिवसभर झाकलेली राहते.

यावर उपाय काचेच्या बाहेर असतो. ऊन काचेतून आत आल्यावर आतला पडदा चकाकी कमी करतो, उष्णतेचा मोठा भाग मात्र खोलीतच राहतो. मेलबर्न महापालिकेचे ‘काउन्सिल हाउस २’ हे २००६ मध्ये पूर्ण झालेले कार्यालय या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. त्याच्या पश्चिम बाजूला जुन्या लाकडाचा पुनर्वापर करून केलेल्या उभ्या झडपा आहेत. दुपार कलू लागली की त्या सूर्याप्रमाणे फिरतात. रात्री खिडक्या आपोआप उघडून गार हवा आत घेतली जाते, त्यामुळे दिवसभर तापलेले काँक्रीटचे छत सकाळपर्यंत निवते आणि दुसऱ्या दिवशी थंडाव्याचा साठा म्हणून कामी येते. अर्थात ज्या प्रदेशात रात्रीही उकाडा आणि दमटपणा असतो तेथे रात्रीच्या हवेचा हा उपाय चालत नाही. बाहेरची सावली मात्र सर्वत्र चालते.

९. हरित इमारतीला खर्च किती जास्त येतो?

सर्वांना लागू पडेल असा एकच टक्का सांगणे दिशाभूल करणारे ठरेल, कारण खर्च श्रेणीपेक्षा वेळेवर अवलंबून असतो. सुरुवातीपासून विचार केला तर काही खर्च वाढतात आणि काही घटतात: उष्णतारोधन व चांगली काच यांवर पैसा जातो, पण आतला उष्णताभार कमी झाल्याने चिलर (वातानुकूलनाचे पाणी थंड करणारी यंत्रे), पंप, वाहिन्या आणि रोहित्र लहान लागतात. ही दुसरी बाजू प्रत्यक्षात येण्यासाठी वातानुकूलनाचे अभियंते आणि वास्तुविशारद यांनी एकाच टेबलावर बसावे लागते. एरवी इमारत सुधारते, यंत्रे मात्र जुन्या ठोकताळ्याने मोठीच मागवली जातात. ती मग कायम अर्ध्याहून कमी भारावर, कमी कार्यक्षमतेने चालतात. नोंदणी व तपासणीचे शुल्क, एनर्जी मॉडेल (इमारतीच्या ऊर्जावापराची संगणकावरील आकडेमोड) आणि कमिशनिंग हे खर्च खरे आहेत, तरी मोठ्या इमारतीत ते बांधकामखर्चाच्या मानाने लहान असतात. तुलना करताना फक्त बांधकामाचा आकडा न घेता वीज, पाणी, देखभाल आणि यंत्रांची बदली धरून निदान तीस वर्षांचा हिशेब मांडावा.

१०. एनर्जी मॉडेलमध्ये मोठी बचत दाखवली होती, प्रमाणपत्रही मिळाले. मग वीजबिल एवढे का येते?

हा आमच्याकडे येणारा सर्वांत सामान्य आणि सर्वांत कळकळीचा प्रश्न आहे. त्याचे पहिले उत्तर असे की मॉडेलमधील टक्केवारी ही तुलना असते. प्रस्तावित इमारत आणि ॲशरे ९०.१ या अमेरिकी ऊर्जा मानकासारख्या मानकानुसार कागदावर उभी केलेली तिचीच संदर्भ इमारत, या दोहोंना एकसारखे हवामान, एकसारखे वेळापत्रक आणि एकसारखी माणसे देऊन फरक काढला जातो. बिल किती येईल हे सांगण्यासाठी ती आकडेमोड केलेलीच नसते. तीस टक्के बचत म्हणजे शेजारच्या जुन्या इमारतीपेक्षा तीस टक्के कमी बिल, असा अर्थ लावला की निराशा ठरलेली.

दुसरे उत्तर इमारतीच्या आतच सापडते. मॉडेलमध्ये कार्यालय दहा तास चालते, प्रत्यक्षात सफाईसाठी पहाटे आणि उशिरा काम करणाऱ्या चार माणसांसाठी रात्री संपूर्ण मजल्याचे वातानुकूलन चालू राहते. एखाद्या उन्हाळी दिवशी तक्रार आली म्हणून नियंत्रण प्रणालीतील आपोआप चालणारे वेळापत्रक हाताने थांबवले जाते आणि ते पूर्ववत करायचे राहून जाते. सर्व्हर खोली, लिफ्ट, स्वयंपाकघर आणि टेबलांवरची उपकरणे यांचा भार मॉडेलमध्ये गृहीतकाने धरलेला असतो. सर्वांत आधी मध्यरात्रीचा वापर पाहावा: रिकामी इमारत दिवसाच्या कमाल भाराच्या निम्मी वीज घेत असेल, तर काय बंद होत नाही ते शोधण्यापासून सुरुवात करावी.

तिसरे उत्तर पद्धतीशी निगडित आहे. ‘नेबर्स’मध्ये मालक आधीच ताऱ्यांचे वचन देतो आणि इमारत भरल्यावर बारा महिन्यांच्या मीटर-नोंदींवरून ते तपासले जाते, मानांकन दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. ब्रिटनने हीच रीत २०२० मध्ये कार्यालयांसाठी स्वीकारली. जेथे मोजमाप होणार हे आधीपासून माहीत असते, तेथे अभियंते पहिल्या दिवसापासून वेगळे प्रश्न विचारतात. सार्वजनिक इमारतींना अशाच मोजमापाची सर्वाधिक गरज आहे, असे आमचे ठाम मत आहे.

११. कमिशनिंग म्हणजे काय? कंत्राटदार यंत्रे चालवून दाखवतोच की!

यंत्र चालते हे दाखवणे वेगळे आणि सर्व यंत्रणा एकत्र, ठरल्याप्रमाणे चालतात हे तपासणे वेगळे. कमिशनिंग करणारा तज्ज्ञ कंत्राटदाराचा नसावा, थेट मालकाला उत्तरदायी असावा. तो आराखड्याच्या टप्प्यावरच उद्दिष्टे लिहून घेतो आणि शेवटी प्रत्येक यंत्रणेची कार्यचाचणी घेतो: खोली रिकामी झाल्यावर हवा खरेच कमी होते का, आग लागल्याचा संकेत दिल्यावर झडपा बंद होतात का, थंड पाण्याची झडप पडद्यावर ‘बंद’ दाखवत असताना नळी गार तर लागत नाही ना. तापमानाचा सेन्सर छपाईयंत्राच्या डोक्यावर किंवा ऊन येणाऱ्या भिंतीवर बसवलेला असणे ही अगदी नेहमीची चूक आहे, आणि त्या एका सेन्सरमुळे अख्खा विभाग वर्षभर नको तितका थंड राहतो. इमारत उन्हाळ्यात सुपूर्द झाली असेल तर हिवाळ्यातील चाचणी हिवाळ्यातच घ्यावी लागते. म्हणून कमिशनिंगचे काम निदान पहिले वर्षभर चालू ठेवावे आणि देखभाल कर्मचाऱ्यांना त्यात सुरुवातीपासून सामील करावे.

१२. वापरातील वीज वाचवली, पण सिमेंट आणि पोलाद यांचे काय?

बांधकाम साहित्यामागचे उत्सर्जन इमारत उघडण्यापूर्वीच झालेले असते. नंतर ते कशानेही कमी करता येत नाही. वीज जसजशी स्वच्छ होत जाईल तसतसा एकूण भारातील त्याचा वाटा वाढत जाणार आहे. ते मोजण्याची सर्वमान्य रीत ईएन १५९७८ या युरोपीय मानकात आहे. त्यात साहित्यनिर्मिती, वाहतूक, बांधणी, वापर व दुरुस्ती, आणि शेवटी पाडकाम असे टप्पे स्वतंत्र मोजतात. साहित्याचे आकडे उत्पादकाच्या पर्यावरणीय उत्पादन घोषणापत्रातून घ्यावेत. ‘इको’ असा शिक्का म्हणजे आकडा नव्हे.

मोठा वाटा बहुधा पाया, स्तंभ आणि स्लॅब यांचा असतो. सिमेंट करताना चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे भट्टीचे इंधन बदलूनही तो प्रश्न सुटत नाही. सिमेंटमधील क्लिंकरचे, म्हणजे भट्टीत भाजून निघालेल्या खड्यांचे, प्रमाण कमी करावे लागते. झोतभट्टीची मळी किंवा फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) मिसळलेले सिमेंट येथे उपयोगी पडते. त्याची ताकद सावकाश वाढते, म्हणून ज्या भागांवर लगेच भार येणार नाही तेथे २८ दिवसांऐवजी ५६ दिवसांची ताकद ग्राह्य धरण्याची मुभा तपशिलात द्यावी. स्तंभांमधील अंतर वाढवले की स्लॅब जाड होतो. स्तंभविरहित भव्य दालन खरोखर लागणार आहे का, हा प्रश्न त्यामुळे वास्तुविशारदाइतकाच संरचना अभियंत्यालाही विचारावा.

१३. आमची इमारत साठ वर्षांची आहे. ती पाडून नवी प्लॅटिनम इमारत बांधावी की जुनीच सुधारावी?

सांगाडा सुस्थितीत असेल तर आमचा कल सुधारण्याकडे आहे. जुना पाया आणि सांगाडा राखला की प्रश्न १२ मधील सर्वांत मोठा वाटा टळतो, आणि नव्या इमारतीला बांधकामाचे उत्सर्जन बचतीतून फेडायला जी वर्षे लागतात त्यांची वाट पाहावी लागत नाही. बर्लिनचे राइशटाग हे याचे ठळक उदाहरण आहे. तेथे जुन्या भिंती राखून १९९९ मध्ये जर्मन संसद पुन्हा बसू लागली. घुमटातील आरशांचा शंकू सभागृहात दिवसाचा उजेड उतरवतो आणि जादा उष्णता जमिनीखालच्या जलधर थरात साठवून ती गरजेच्या वेळी वापरली जाते.

याला अपवाद आहेत. सांगाडा भूकंपाच्या निकषांत बसत नसेल, मजल्यांची उंची इतकी कमी असेल की हवेच्या वाहिन्याच बसणार नाहीत, किंवा रुग्णालयासारखा वापर जुन्या आखणीत सुरक्षितपणे चालणारच नसेल, तर नवे बांधकाम समर्थनीय ठरते. वारसा इमारतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते: चुन्यात बांधलेल्या जुन्या दगडी किंवा विटांच्या भिंती ओलावा शोषतात आणि सोडतात. त्यांना आतून हवाबंद उष्णतारोधन लावले तर ओल भिंतीतच अडकते आणि लाकडी तुळयांची टोके कुजतात. तेथे बाष्प जाऊ देणारे साहित्यच वापरावे.

१४. पाणी वाचवणारे नळ बसवले तर तोटा काही होऊ शकतो का?

साधारण इमारतीत नाही. मोठ्या इमारतीत मात्र एक गंभीर अपवाद आहे. जुन्या ठोकताळ्यांनी जाड नळवाहिन्या टाकल्या आणि टोकाला कमी प्रवाहाचे नळ बसवले तर पाणी नळ्यांत तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस साचून राहते. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि कमजोर रुग्णांना त्यापासून न्यूमोनियाचा धोका असतो. म्हणून नळ बदलतानाच वाहिन्यांचा व्यास नव्या प्रवाहानुसार ठरवावा, न वापरल्या जाणाऱ्या फांद्या कापून टाकाव्यात आणि गरम पाणी पुरेसे गरम फिरते ठेवावे. रुग्णालयात या विषयाचा निर्णय संसर्ग नियंत्रण समितीला विचारल्याशिवाय घेऊ नये. सांडपाणी शुद्ध करून शौचकूप व बागेसाठी वापरायचे असेल तर वेगळ्या रंगाच्या स्वतंत्र नळ्या बांधकामातच टाकाव्यात. त्या नंतर घालणे जवळजवळ अशक्य असते.

१५. सौर पॅनेल लावून आमची दहा मजली इमारत शून्य-ऊर्जा करता येईल का?

हिशेब करून पाहू. प्रत्येक मजला २,००० चौरस मीटर, म्हणजे एकूण २०,००० चौरस मीटर. गच्चीवर टाक्या, यंत्रे आणि वावरण्याची जागा सोडून १,२०० चौरस मीटर पॅनेल बसले आणि चांगल्या उन्हाच्या प्रदेशात प्रत्येक चौरस मीटरने वर्षाला २५० युनिट दिले, तर ३ लाख युनिट मिळतील. इमारत काटकसरीने, चौरस मीटरमागे वर्षाला १२० युनिटांवर चालली तरी तिला २४ लाख युनिट लागतील. गच्ची त्यातला आठवा हिस्सा पुरवते. दोन-तीन मजल्यांच्या, पसरट इमारतीत शून्याचे गणित जुळू शकते. उंच इमारतीत बाहेरून स्वच्छ वीज घ्यावीच लागते. ‘शून्य’ हा वर्षअखेरचा ताळेबंद असतो, हेही लक्षात ठेवावे. रात्रीची वीज ग्रिडमधूनच येते.

१६. ताजी हवा वाढवली की वीज वाढते. आरोग्य आणि ऊर्जा यांत कोणाला झुकते माप द्यायचे?

आरोग्याला. हवा कमी करून मिळवलेली बचत खरी बचत नव्हे. मात्र हवा लागेल तेथे आणि लागेल तेव्हा देता येते: सभागृहात कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरवरून, माणसे वाढतील तसा पुरवठा वाढवावा आणि बाहेर टाकल्या जाणाऱ्या थंड हवेतून आत येणारी हवा गार करून घेणारे उष्णता-विनिमयक बसवावेत. बाहेरची हवाच प्रदूषित असेल तर गाळण्या चांगल्या दर्जाच्या हव्यात आणि त्यांचा दाब सोसणारे पंखे आधीच निवडलेले हवेत.

१७. वातानुकूलनातील वायूंबद्दल काय पाहावे?

शंभर वर्षांच्या हिशेबाने आर-४१०ए या वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट, आर-१३४एची १,४३० पट आणि आर-३२ची ६७५ पट धरली जाते. मॉन्ट्रियल करारातील २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे, त्यामुळे आज तापमानवाढीची क्षमता जास्त असलेल्या वायूचे यंत्र घेतले तर त्याच्या आयुष्यातच वायू दुर्मीळ होईल. गळतीशोधक आणि भरलेल्या वायूची नोंदवही अनिवार्य करावी.

१८. रुग्णालय आणि संग्रहालय यांना हे निकष कसे लागू होतात?

रुग्णालयात शस्त्रक्रियागृहाचे हवाबदल (तासाला किती वेळा खोलीतील हवा बदलते ते) आणि दाब यांच्याशी तडजोड होत नाही; पण शस्त्रक्रियागृह रात्री रिकामे असताना दाब राखून हवाबदल कमी करता येतात आणि बचतीची मोठी संधी तेथेच असते. संग्रहालयात तापमान व आर्द्रता वर्षभर एकाच आकड्यावर खिळवून ठेवण्याची जुनी रीत होती. मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाने बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश सेल्सिअस आणि ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता अशी मर्यादा मान्य केली आहे, बदल मात्र सावकाश व्हावा. अतिनाजूक वस्तूंसाठी संपूर्ण दालनाऐवजी बंदिस्त पेटीतले वातावरण सांभाळणे परवडते.

१९. आमच्या इमारतीत कार्यालय, वाचनालय आणि भाड्याची दुकाने एकत्र आहेत. नोंदणी कोणत्या प्रकारात करायची?

‘लीड’मध्ये यासाठी ४०-६० चा नियम आहे: एखादा प्रकार ६० टक्क्यांहून अधिक क्षेत्राला लागू पडत असेल तर तोच घ्यायचा, ४० टक्क्यांहून कमी क्षेत्राला पडत असेल तर तो घ्यायचा नाही, आणि मधल्या पट्ट्यात निवड आपली. मालक फक्त सांगाडा व मुख्य यंत्रणा बांधून आतील काम भाडेकरूंवर सोपवणार असेल तर त्याचा प्रकार वेगळा असतो. तेव्हा भाडेकरूंचे दिवे, नळ आणि मीटर यांच्या अटी भाडेकरारातच लिहाव्यात. पद्धतीची नवी आवृत्ती मध्येच आली तर नोंदणी ज्या आवृत्तीत झाली तीच तिच्या मुदतीपर्यंत लागू राहते.

२०. प्रमाणपत्र कायमचे असते का?

नव्या बांधकामाचे ‘लीड’ प्रमाणपत्र पूर्ण झालेल्या कामाबद्दल असते, त्याला मुदत नसते. पंधरा वर्षांनंतरही पाटी दारावर राहते. चालू इमारतींच्या मानांकनाला मात्र मुदत असते. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसला २००८ मध्ये बांधकामासाठी आणि पुन्हा २०११ मध्ये चालू वापरासाठी प्लॅटिनम मिळाले. पाटीवरचे वर्ष आणि प्रकार नेहमी वाचावा.

२१. निविदेत काय लिहावे म्हणजे हे सगळे कागदावरच राहणार नाही?

‘इमारत सुवर्ण श्रेणीची असावी’ एवढे एक वाक्य लिहून भागत नाही. त्याने कंत्राटदार सर्वांत स्वस्त गुण गोळा करतो. त्याऐवजी चौरस मीटरमागे वार्षिक वापराची कमाल मर्यादा युनिटांत लिहावी, कोणती यंत्रे व किती तास त्यात धरले आहेत ते स्पष्ट करावे आणि ती मर्यादा दुसऱ्या वर्षीच्या मीटर-नोंदींवरून तपासली जाईल असे नमूद करावे. वातानुकूलन, दिवे, लिफ्ट, सर्व्हर खोली आणि स्वयंपाकघर यांना स्वतंत्र उपमीटर असावेत. एकाच मीटरचा आकडा पाहून दोष सापडत नाही. अनामत रकमेचा काही भाग पहिल्या वर्षीच्या कमिशनिंगनंतरच सोडावा. साहित्य ‘समतुल्य’ म्हणून बदलायचे असेल तर कोणते गुणधर्म समतुल्य हवेत, काचेचा उष्णता लाभ गुणांक असो वा वायूचा प्रकार, ते आकड्यांत द्यावे. आणि देखभालीचा करार बांधकाम संपण्यापूर्वी करावा, म्हणजे ज्यांना यंत्रणा चालवायची आहे ती माणसे चाचण्यांना हजर असतील.

२२. मी सामान्य नागरिक आहे. आमच्या गावातील सार्वजनिक इमारत खरोखर हरित आहे का, हे कसे तपासू?

मागील बारा महिन्यांची वीजबिले, इंधनखर्च आणि एकूण बांधीव क्षेत्र मागवा. वापरलेले युनिट क्षेत्राने भागले की चौरस मीटरमागचा आकडा मिळतो. त्याच प्रकारच्या, त्याच हवामानातील दुसऱ्या इमारतीशी त्याची तुलना करा आणि वापराचे तास लक्षात घ्या. त्यानंतर गुणपत्रक (प्रश्न ५) आणि कमिशनिंगचा अहवाल मागा. युरोपीय संघात जनतेची नियमित ये-जा असलेल्या आणि सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील २५० चौरस मीटरहून मोठ्या इमारतींत ऊर्जा प्रमाणपत्र दर्शनी जागी लावणे २०१५ पासून बंधनकारक आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २००८ पासून मोठ्या सार्वजनिक इमारतींच्या दारात प्रत्यक्ष वापरावर आधारलेली श्रेणी लावली जाते. असा नियम जेथे नाही तेथेही कोणत्याही संस्थेला हा आकडा स्वतःहून दारावर लावता येतो, आणि तशी लेखी मागणी कोणीही करू शकतो.